सरकारचा रुपया आणि खामगावची बाजारपेठ

दरवर्षी अर्थसंकल्पाचा दिवस आला की आमच्या दुकानाच्या ओट्यावर एक वाद हमखास रंगतो. शेजारचे किराणा व्यापारी म्हणतात, "भाईजान, सरकारने खर्च निम्मा करावा आणि करही निम्मे करावेत. मग बघा धंदा कसा धावतो." समोरचे भांडेवाले लगेच उत्तर देतात, "शेठ, सरकारने हात आखडला तर तुमच्याकडे साखर घ्यायला येणार कोण?" दोघेही माझे जुने दोस्त आहेत. दोघेही आपापल्या वहीखात्याच्या अनुभवावरून बोलतात, आणि खरे सांगायचे तर दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे.

सरकारच्या खर्चाने देशाची आर्थिक वाढ होते की खुंटते, हा प्रश्न मोठमोठ्या पंडितांनाही पुरता सुटलेला नाही. मी अर्थशास्त्री नाही. उर्दू शाळेत शिकलेला, वडिलांच्या गादीवर बसलेला कापडाचा व्यापारी आहे. परंतु या प्रश्नाचे उत्तर शोधायला दिल्लीला किंवा लंडनला जाण्याची गरज नाही असे मला वाटते. आमच्या खामगावच्या दीडशे वर्षांच्या बाजारपेठेत सरकारचा रुपया अनेक वाटांनी आला. कधी त्याने बाजार उभा केला, कधी वाचवला आणि कधी बसवलाही. त्या अनुभवाचा हिशेब आज वाचक बंधूंपुढे मांडतो.

आधी जमा-खर्च समजून घेऊ

देशाचे वर्षाचे उत्पन्न मोजताना चार रकमांची बेरीज करतात. लोकांनी खाण्यापिण्यावर, कपड्यालत्त्यावर केलेला खर्च ही पहिली. कारखानदार व व्यापारी यांची यंत्रे, इमारती व मालातील गुंतवणूक ही दुसरी. सरकारने केलेली खरेदी व बांधकामे ही तिसरी. निर्यातीतून आयात वजा करून जे उरते ती चौथी. म्हणजे सरकारचा खर्च या बेरजेचा एक भाग आहेच. शिवाय तो इतर भागांनाही हलवतो. रस्त्याच्या कामावरच्या मजुराला शंभर रुपये मजुरी मिळाली की त्यातले काही आमच्या दुकानात येतात. आम्ही ते ठोक व्यापाऱ्याला देतो, तो मालेगावच्या किंवा भिवंडीच्या यंत्रमागवाल्याला देतो आणि तो आपल्या कारागिराला देतो. एका रुपयाने चार घरी चूल पेटते. अर्थशास्त्रात याला गुणक म्हणतात. इंग्लंडचे जॉन मेनार्ड केन्स यांनी १९३६ साली आपल्या ग्रंथात हा विचार पद्धतशीर मांडला. मंदीत खासगी पैसा घाबरून घरी बसतो, तेव्हा सरकारने खर्च करून बाजार हलवावा, असे त्यांचे म्हणणे होते.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. सरकारजवळ स्वतःचा रुपया नसतो. तो कर लावून येतो, कर्ज काढून येतो किंवा नोटा छापून येतो. कर लावला तर व्यापाऱ्याच्या गल्ल्यातून जातो. कर्ज काढले तर बँकेचा जो पैसा आपल्याला मिळाला असता तो सरकारकडे वळतो आणि व्याजदर चढतो. नोटा छापल्या तर महागाई होते.

मग कोणाचे ऐकावे? कापडाच्या धंद्यातला साधा दाखला घ्या. माग रिकामे आहेत, कारागीर बसून आहे, सूत पडून आहे, अशा वेळी मागणी वाढली तर कापड जास्त विणले जाते. सर्व माग रात्रंदिवस चालू असतील तर तीच मागणी फक्त भाव वाढवते. देशाचेही तसेच आहे. २००८ च्या जागतिक मंदीत भारत सरकारने खर्च वाढवला व कर कमी केले. वाढीचा दर लवकर सावरला. पण गाडी रुळावर आल्यावरही हात वेळेवर आवरला गेला नाही. पुढची काही वर्षे देशाने दहा टक्क्यांच्या आसपासची महागाई सोसली.

आपल्या वाचकांना इब्न खल्दून हे नाव नवे नाही. ट्युनिस येथे जन्मलेल्या या इतिहासकाराने १३७७ साली लिहिलेल्या 'मुकद्दिमा' ग्रंथात हाच विषय हाताळला आहे. सत्ता हीच सर्वांत मोठी बाजारपेठ असते, तिने पैसा तिजोरीत अडवून ठेवला की व्यापार थंडावतो आणि मग करही कमी जमा होतो, असा त्यांचा विचार आहे. पण त्याच ग्रंथात त्यांनी दोन इशारेही दिले. जास्त कराने लोकांची उमेद खचते, हा पहिला. राज्यकर्ता स्वतः व्यापारी बनला तर रयतेचे आणि खजिन्याचे दोघांचेही नुकसान होते, हा दुसरा. हा दुसरा इशारा वाचकांनी लक्षात ठेवावा. खामगावच्या कापसाच्या संदर्भात तो पुढे कामी येणार आहे.

आठ मैलांची रेल्वे

एकोणिसाव्या शतकात खामगाव हे वऱ्हाडातील कापसाचे नामांकित ठिकाण होते. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस विलायतेला जाणे थांबले आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबई–नागपूर लोहमार्ग १८६७ साली नागपूरला पोहोचला. पण तो खामगावला न येता जलंबवरून गेला. खामगावचा कापूस बैलगाड्यांतून जलंबला न्यावा लागे. तेव्हा सरकारने जलंब ते खामगाव हा सुमारे आठ मैलांचा फाटा स्वतःच्या खर्चाने बांधला. त्याचे नावच 'खामगाव स्टेट रेल्वे' असे होते. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. बडनेरा ते अमरावती हा असाच फाटा पाठोपाठ झाला.

यातली एक गोष्ट व्यापाऱ्याने समजून घ्यावी. त्यापूर्वीच्या मोठ्या रेल्वे खासगी कंपन्यांनी बांधल्या होत्या. सरकारने त्यांना भांडवलावर ५ टक्के परताव्याची हमी दिली होती. नफा कमी पडला की फरक हिंदुस्थानच्या महसुलातून भरला जाई. बांधकाम कितीही महाग झाले तरी कंपनीच्या भागधारकाला झळ नसे. मग काटकसर कोण करणार? १८६९ च्या सुमारास सरकारने धोरण बदलले व स्वतः रेल्वे बांधायला सुरुवात केली. खामगावचा फाटा हा त्या नव्या धोरणाच्या पहिल्या फळांपैकी एक.

हा खर्च फळला, कारण माल आधीच तयार होता. अडला होता तो फक्त आठ मैलांसाठी. रूळ पडले आणि वाहतूक स्वस्त झाली. युद्धाच्या काळातला चढा भाव पुढे राहिला नाही, पण रेल्वे राहिली. याच्या उलट उदाहरण शेजारच्या श्रीलंकेचे आहे. हंबनटोटाजवळ मत्तला येथे २०१३ साली मोठे आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाले. तेथे विमानेच फारशी उतरली नाहीत. कर्ज मात्र फेडायचे राहिले. पुढे २०२२ साली इतर अनेक कारणांसह कर्जाच्या ओझ्याने तो देश दिवाळखोरीला आला. रस्ता, रेल्वे, विमानतळ ही नावे सारखीच मोठी वाटतात. पण माल वाट पाहत असेल तरच रस्त्याला बरकत येते.

आणखी एक कडू गोष्ट सांगितली पाहिजे. ज्या रुळांवरून कापूस गेला, त्याच रुळांवरून मँचेस्टरचे स्वस्त कापड परत आले. शेजारच्या बाळापूरचे विणकाम मोगलकाळापासून नावाजलेले. वऱ्हाडातल्या अशा कारागिरांच्या पोटावर त्या कापडाने पाय दिला. एकूण व्यापार वाढला, परंतु विणकराचे घर उठले. म्हणून "देशाची वाढ किती टक्के झाली" एवढे विचारून भागत नाही. ती कोणाच्या घरी पोहोचली हेही विचारावे लागते.

१९७२ सालची दोन भावंडे

आता आपल्या माहितीच्या काळात येऊ. १९७२ साली महाराष्ट्रात सरकारी खर्चाच्या दोन मोठ्या योजना जवळजवळ एकाच वेळी सुरू झाल्या. एकीचे नाव रोजगार हमी योजना आणि दुसरीचे कापूस एकाधिकार खरेदी योजना. दोन्हींचा हेतू चांगला, दोन्ही गरीब शेतकरी-मजुरांसाठी. पुढे एक देशभर पसरली आणि दुसरी तोट्यात बुडाली. असे का झाले, याचा विचार केला तर आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मिळते.

१९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी आम्ही घरात ऐकत मोठे झालो. मरहूम अब्बा सांगत की त्या वर्षी कित्येक दिवस दुकानात धूळ झाडण्याशिवाय काम नसे. शेतकरी उधारीही मागायला येत नव्हता, कारण फेडणार कशाने हे त्यालाच ठाऊक नव्हते. पुढे दुष्काळी कामे निघाली. खडी फोडणे, पाझर तलाव, नाला बांध, रस्ते. मे १९७३ मध्ये राज्यभर अशा कामांवर जवळजवळ ५० लाख लोक होते. आठवड्याची मजुरी हातात पडू लागली, तशी बाजाराच्या दिवशी दुकानात पुन्हा माणसे दिसू लागली. आधी ज्वारी, मग मीठ-मिरची आणि नंतर कुठे एखादे धोतर, एखादे लुगडे. अब्बा म्हणत, "त्या साली सरकारने मजुराला जगवले आणि मजुराने आम्हाला जगवले."

हे केवळ आमच्या घरातले मत नाही. ज्याँ द्रेझ या अर्थशास्त्रज्ञांनी त्या दुष्काळाचा बारकाईने अभ्यास केला आहे. लोकांच्या हातात रोख मजुरी होती, म्हणून परप्रांतातले धान्य व्यापाऱ्यांमार्फत दुष्काळी भागाकडे ओढले गेले, असे त्यांनी दाखवून दिले. क्रयशक्ती दिली की व्यापार आपले काम करतो. उर्दू वाचणाऱ्यांना लखनौचा बडा इमामबाडा आठवेल. १७८४ च्या दुष्काळात नवाब आसफुद्दौला यांनी लोकांना काम मिळावे म्हणून ते बांधकाम काढले होते. कल्पना जुनीच आहे.

महाराष्ट्राने तिला कायद्याची बैठक दिली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात १९६५ च्या सुमारास याचा छोटा प्रयोग केला होता. १९७७ साली विधिमंडळाने कायदा मंजूर केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम हा हक्क झाला. २००५ साली केंद्राने हीच कल्पना घेऊन देशभरासाठी १०० दिवसांचा कायदा केला. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी १२५ दिवसांचा नवा कायदा मंजूर केला व खर्चात राज्यांचा वाटा वाढवला.

पैसा आला कुठून? १९७५ साली राज्याने व्यवसाय कर लावला तो मुख्यतः याच योजनेसाठी. जितका कर जमेल तितकीच भर सरकारने स्वतःच्या तिजोरीतून घालायची, अशी तजवीज होती. व्यवसाय कराची पावती आजही आपण फाडतो, वर्षाला २,५०० रुपये. आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे की हा कर दुष्काळातल्या मजुराच्या नावाने सुरू झाला? अब्बांनाही तो भरताना कुरकुरताना मी पाहिले आहे. परंतु त्याच आठवड्यात रोहयोच्या मजुरीतून आलेली विक्री त्यांनी त्याच गल्ल्यात टाकली होती.

या योजनेत दोष नव्हते असे नाही. खोटी हजेरीपत्रके, मुकादमाची कापाकापी, अर्धवट राहिलेली कामे यांच्या तक्रारी सर्वत्र झाल्या. पण तिची घडण शहाणपणाची होती. मजुरी कमी असल्यामुळे ज्याला खरीच गरज तोच कामावर येई. पाऊस चांगला झाला की मजूर शेतात परत जाई आणि सरकारचा खर्च आपोआप उतरे. पैशाची सोय आधी केलेली होती. आणि काम संपल्यावर मागे तलाव, बांध, रस्ता काहीतरी उरे.

आता दुसरे भावंड. १९७१ च्या कायद्याने कापूस एकाधिकार खरेदी १९७२ च्या हंगामापासून सुरू झाली. राज्यात शेतकऱ्याकडून कापूस विकत घेण्याचा हक्क फक्त सरकारला राहिला. खासगी खरेदी बंद. शेतकऱ्याला हमीभाव मिळावा आणि मधल्यांची लूट थांबावी हा हेतू. त्या लुटीच्या तक्रारी खोट्या नव्हत्या हे आपण व्यापाऱ्यांनी मान्य केले पाहिजे. काही वर्षे शेतकऱ्याला भावाचा आधार मिळालाही.

परंतु घडण चुकीची होती. बाहेर भाव चढा असला की कापूस रातोरात मध्य प्रदेशात, गुजरातेत, आंध्रात जाई. बाहेर भाव पडला की तिकडचा कापूस इकडच्या केंद्रांवर येई. म्हणजे नफ्याच्या वर्षी माल दुसऱ्याचा आणि तोट्याच्या वर्षी माल सरकारचा. हमीभाव बाजार पाहून ठरण्याऐवजी निवडणूक पाहून ठरू लागला. खर्चाला वरची मर्यादा नव्हती. चुकारे उशिरा निघाले की शेतकऱ्याकडची कापडवाल्याची, किराणावाल्याची, खतवाल्याची उधारीही लांबे. संपूर्ण पेठेचे चक्र एका सहीवर अडे. अखेर हजारो कोटींचा तोटा राज्याच्या डोक्यावर ठेवून २००२ च्या सुमारास एकाधिकार संपला आणि खासगी व्यापाऱ्याला पुन्हा दार उघडले. इब्न खल्दूनचा दुसरा इशारा येथे तंतोतंत लागू पडतो.

याचा अर्थ सरकारने कापसात पडूच नये असा नाही. भारतीय कापूस महामंडळ हमीभावाने खरेदी करते, पण इतरांना मनाई करत नाही. भाव पडला तर शेतकऱ्याला एक दार उघडे राहते आणि चढला तर तो व्यापाऱ्याला विकतो. सरकार बाजारात आधार म्हणून उभे राहते, मालक म्हणून नाही. हा फरक फार मोठा आहे.

उशिराचा रुपया

खर्चाबाबत आणखी एक दोष आहे, त्याची चर्चा कमी होते. तो म्हणजे उशीर. १९८४ साली प्रा. वि. म. दांडेकर यांच्या समितीने महाराष्ट्राच्या प्रादेशिक असमतोलाचा अहवाल दिला. रस्ते, वीज, सिंचन अशा बाबतींत मागे पडलेल्या भागांचा एकूण अनुशेष तिने सुमारे ३,१८६ कोटी रुपये काढला. विदर्भाचा त्यात मोठा वाटा होता. १९९४ साली विकास मंडळे आली, २०२० साली त्यांची मुदत संपली, आणि अनुशेष हा शब्द भाषणांत अजून जिवंत आहे.

आमच्या जिल्ह्यातला पूर्णा नदीवरचा जिगाव प्रकल्प पाहा. सुरुवातीचा अंदाज ४०० कोटींच्या आतला होता. काम नव्वदीच्या दशकात सुरू झाले. जमीन, पुनर्वसन, निधी यांत वर्षे गेली आणि सुधारित अंदाज १० हजार कोटींच्या वर गेला. ज्या पाण्याने शेतकऱ्याचे दुसरे पीक यायचे, आणि त्या पिकावर आमची उन्हाळ्यातली विक्री व्हायची, त्या सर्वाला एक पिढी उशीर झाला. खर्च झाला नाही असे नाही. खर्च झाला, पण वाढ थांबून राहिली. जालना–खामगाव रेल्वेची मागणी तर ब्रिटिश काळापासूनची आहे. १८७० चा फाटा आजही खामगावातच संपतो.

उशिराची चव मी स्वतःही चाखली आहे. काही वर्षांपूर्वी एका सरकारी वसतिगृहासाठी चादरी व गणवेशाच्या कापडाचा पुरवठा केला. कार्यालयाचे नाव सांगत नाही, कारण हा कोणा एकाचा दोष नाही. माल वेळेवर दिला, पैसे चौदा महिन्यांनी आले. तेवढ्या काळात ठोक व्यापाऱ्याची माझी उधारी थकली. त्याने यंत्रमागवाल्याची थकवली आणि त्याने कारागिराची मजुरी आठवड्याऐवजी महिन्याने दिली. सरकारच्या कागदावर तो खर्च झाला होता, देशाच्या वाढीतही मोजला गेला असेल. पण वर मी जे चार चुलींचे चक्र सांगितले, ते चौदा महिने उलटे फिरले.

खात्यात आलेले दीड हजार

अलीकडचा अनुभव सांगून हा हिशेब पूर्ण करतो. राज्य सरकारने जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजना सुरू केली. २१ ते ६५ वयाच्या पात्र महिलांना दरमहा १,५०० रुपये. ऑगस्टमध्ये दोन हप्ते मिळून ३,००० रुपये एकदम जमा झाले. त्या आठवड्यात दुकानात आलेल्या एका बाईचे शब्द आठवतात, "चाचा, या खेपेले जरा बरं लुगडं दाखवा, पयसे माह्ये हायेत." त्या "माह्ये" या शब्दात किती मान होता! विक्री वाढली ती मुलांचे कपडे, साधी साडी, चादर यांची. पैसा बाईच्या हातात पडला की तो घरासाठी आणि गावातच खर्च होतो, हे आम्ही सर्व दुकानदारांनी पाहिले.

त्या भरात मी चूक केली. हा ओघ असाच चढत राहील असे धरून दिवाळीसाठी आणि पुढच्या लग्नसराईसाठी नेहमीच्या दीडपट माल भरला. दिवाळी चांगली गेली. पण दीड हजार हे दीड हजारच राहिले. घरोघरी ती रक्कम हळूहळू किराणा, औषध आणि बचत गटाचा हप्ता यांत ठरून गेली. २०२५ मध्ये अपात्र नावांची छाननीही झाली. माझे कित्येक तागे उन्हाळ्यात फळीवर पडून राहिले. दोष योजनेचा नाही, माझ्या हिशेबाचा. एकदा चढलेली पायरी आणि सतत चढणारा जिना यांतला फरक मी विसरलो.

हाच फरक अभ्यासकांनी आकड्यांत मांडला आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय सार्वजनिक वित्त व धोरण संस्थेतील सुकन्या बोस व एन. आर. भानुमूर्ती यांनी २०१३ साली भारतासाठी गुणक काढले. रस्ते, धरणे, वीज अशा भांडवली कामांवर सरकारने एक रुपया खर्च केला तर राष्ट्रीय उत्पन्नात सुमारे २ रुपये ४५ पैशांची भर पडते. लोकांना थेट वाटलेल्या एक रुपयातून सुमारे ९८ पैशांची. याच विचाराने केंद्राने २०१९-२० मधला ३.३६ लाख कोटींचा भांडवली खर्च २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात ११.११ लाख कोटींवर नेला.

म्हणून थेट मदत बंद करावी काय? नाही. विधवेला, वृद्धाला, दुष्काळातल्या मजुराला गुणक विचारून मदत द्यायची नसते. ते माणुसकीचे कर्तव्य आहे. पण तिजोरीला तळ असतो. लाडकी बहीण योजनेसाठी २०२४-२५ मध्ये ४६ हजार कोटींची तरतूद होती आणि २०२५-२६ मध्ये ३६ हजार कोटींची. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात राज्याचे कर्ज ९.३२ लाख कोटींवर जाईल असा अंदाज दिला होता. राज्याच्या उत्पन्नाच्या मानाने ते सुमारे १९ टक्के, म्हणजे धोक्याच्या रेषेच्या आत आहे. पण त्यावरचे वर्षाचे व्याजच ६० हजार कोटींहून अधिक. एकीकडे मदत वाढते, दुसरीकडे व्याज वाढते. मग कात्री लागते ती धरणाला, रस्त्याला आणि पुरवठादाराच्या बिलाला. कारण भांडवली काम पुढे ढकलले तर लगेच कोणी ओरडत नाही. पाणी न आलेले शेत मोर्चा काढत नाही.

मग व्यापाऱ्याने काय करावे?

माझ्या मते सरकारच्या प्रत्येक खर्चाला चार प्रश्न विचारावेत. पहिला, हा रुपया प्रथम कोणाच्या हातात पडतो? गरजूच्या हातात पडला तर बाजारात फिरतो, दलालाच्या हातात पडला तर अडतो. दुसरा, खर्च झाल्यावर मागे काय उरते? तिसरा, पैसा कोठून आणला आणि त्याला मर्यादा आहे का? चौथा, तो वेळेवर पोहोचतो का? खामगावची रेल्वे दुसऱ्या प्रश्नाला उतरली, रोजगार हमी पहिल्या आणि तिसऱ्याला. एकाधिकार तिसऱ्याला हरला आणि जिगाव चौथ्याला.

याशिवाय काही कामे आपल्या हातात आहेत. केंद्राच्या २०१२ च्या धोरणानुसार केंद्रीय खाती व सरकारी उपक्रम यांनी वर्षाच्या खरेदीपैकी २५ टक्के सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यायची असते. शिलाईवाले, सतरंजी-चादरवाले, लोखंडी कपाटे करणारे आपले कारागीर यात बसू शकतात. त्यासाठी उद्यम नोंदणी आणि सरकारी ई-बाजारावर नाव असणे लागते. नोंदणीला फी नाही. वीस-पंचवीस वर्षे काम करूनही कागद नसल्यामुळे कित्येक भाऊ बाहेर राहतात. २००६ च्या कायद्याने अशा नोंदणीकृत उत्पादकाचे पैसे ४५ दिवसांत देणे बंधनकारक आहे आणि उशीर झाल्यास दादही मागता येते. माझ्या चौदा महिन्यांच्या वेळी मला हे नीट माहीत नव्हते. केवळ खरेदी-विक्री करणाऱ्याला ही सवलत पूर्णपणे लागू होत नाही, तेव्हा करार करण्यापूर्वी जाणकाराला विचारून घ्यावे. सरकारी कामात भांडवल किती अडकवायचे याची मर्यादा स्वतः ठरवावी. आणि वाटपाच्या पैशावर माल भरताना माझी चूक आठवावी.

ग्रामसभेत, नगरपालिकेच्या सभेत, व्यापारी मंडळाच्या बैठकीत आपण बहुधा दोनच विषय काढतो, कर आणि अतिक्रमण. त्यासोबत अर्धवट राहिलेल्या तलावाचा, बंद पडलेल्या पाणीयोजनेचा आणि थकलेल्या बिलांचा विषयही काढला पाहिजे. कर आपण भरतो, तर तो कुठे गेला हे विचारण्याचा हक्कही आपला आहे.

ओट्यावरच्या माझ्या दोन दोस्तांचा वाद पुढच्या अर्थसंकल्पालाही होईलच. किराणावाल्यांना मी सांगतो, शेठ, तुमच्या साखरेची पोती खामगावात येतात त्या वाटेत कुठेतरी सरकारचा रुपया पुरलेला आहे. भांडेवाल्यांना सांगतो, भाई, आजचे गिऱ्हाईक उद्याच्या कर्जावर आले असेल तर गल्ला मोजताना जरा जपून. दोघेही हसतात आणि चहा मागवतात. पैसे मात्र मलाच द्यावे लागतात.